चाक फिरतंय गरगर, गाडी तिथल्या तिथे!

सीन इमॅजिन करा. जुलै महिना. नवीकोरी, अजून हप्ते चालू असलेली ‘फोर बाय फोर’. बांधावरून जरा शॉर्टकट मारला आणि मागचं डावं चाक चिखलात. अ‍ॅक्सिलरेटर दाबला. डावं चाक गर्रर्र! मागून धक्का द्यायला उभ्या असलेल्या मेहुण्याच्या पांढऱ्या शर्टावर लाल मातीचा सडा. आणि उजवं चाक? ते खणखणीत कोरड्या जमिनीवर, पण ढिम्म. तसूभर हलायला तयार नाही.

“दाजी, फोर बाय फोर आहे ना ही?” मेहुण्याचा बाणेदार सवाल.

माहीत आहे का, यात दोष कुणाचा? ड्रायव्हरचा नाही (बरं, थोडा आहे). टायरचाही नाही. दोषी आहे मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध बसलेला भोपळ्याएवढा लोखंडी गोळा. नाव डिफरन्शियल, लाडाने ‘डिफ’. गाडीतला सगळ्यात न्यायप्रिय पार्ट, आणि चिखलात नेमका हा न्यायच नडतो!

या गोळ्याला ‘लॉक’ करायला कुणी लाखभर रुपये मोजतं, तर कुणी वेल्डिंगच्या चार कांड्यांत काम उरकतं. मधल्या गल्ल्या भन्नाट आहेत. चला, लो रेंज टाका!

प्रदक्षिणेचं कोडं

आधी एक कोडं. तुम्ही आणि सौभाग्यवती शेजारी-शेजारी, दीड मीटर अंतर ठेवून तुळशीवृंदावनाला एक प्रदक्षिणा घालताय. बाहेरच्या बाजूने चालणाऱ्याला किती जास्त चालावं लागेल? साधारण ९.४ मीटर.

आता तेच अंतर ठेवून श्रावणात त्र्यंबकेश्वरची अख्खी ब्रह्मगिरी फेरी घाला. आता बाहेरच्याला किती जास्त पडेल? किलोमीटरभर? नाही हो, तेच ९.४ मीटर! वर्तुळ केवढंही असो, वाट कितीही वाकडीतिकडी असो, एक पूर्ण फेरी म्हणजे दोघांमधलं अंतर गुणिले दोन पाय. त्रिज्या हिशेबातून चक्क उडून जाते. विश्वास नसेल तर घरातल्या दहावीच्या पोराला विचारा.

गाडीच्या दोन चाकांचंही तेच. चौकात काटकोनात वळलात की बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सव्वादोन-अडीच मीटर जास्त पळतं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट जखडली असती तर प्रत्येक वळणावर एक टायर रस्त्यावर घासत, किंचाळत गेलं असतं. बैलगाडीला हा प्रश्नच नाही, कारण तिची चाकं आखावर आपापली मोकळी फिरतात. बैल पुढून ओढतात, चाकं मागून गुमान येतात. लफडं सुरू झालं ते चाकांनाच ताकद द्यायची वेळ आली तेव्हा.

लग्नाआधी बारसं

माहीत आहे का? डिफरन्शियलचा जन्म मोटारगाडीच्या आधीचा आहे! ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने १८२७-२८च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी त्याचं पेटंट घेतलं. कार्ल बेंझची पेट्रोलवरची तीनचाकी आली १८८६ साली. म्हणजे पार्ट तयार होऊन बसला होता आणि गाडी यायला जवळजवळ साठ वर्षं!

मधल्या काळात या गिअरने सायकलवरही हात साफ करून घेतला. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचे जेम्स स्टार्ली आणि त्यांचा मुलगा शेजारी-शेजारी बसून पॅडल मारायची चारचाकी सायकल चालवत होते. पोरगा तरणाबांड, बापाचे पाय थकलेले. पोराच्या बाजूचा जोर वाढला, सायकल वळली ती थेट खाजकुयलीसारख्या चावऱ्या झुडपांत, असा किस्सा सांगतात. अंग खाजवता-खाजवता स्टार्लींना सुचलं ते डिफरन्शियल, साल १८७७. पुढे १८८१ मध्ये खुद्द व्हिक्टोरिया राणीने त्यांच्या तीनचाकी सायकलींची ऑर्डर दिली. एक नाही, दोन! मॉडेलचं नाव झालं ‘रॉयल साल्व्हो’.

आणखी मागे जायचंय? प्राचीन चीनमध्ये एक रथ होता म्हणे. रथ कुठेही वळवा, वरच्या बाहुलीचा हात दक्षिणेकडेच. ना चुंबक, ना होकायंत्र! आत डिफरन्शियलसारखे गिअर असावेत, असं काही अभ्यासक मानतात. अस्सल रथ एकही उरलेला नाही, त्यामुळे पैज लावायची असेल तर आपापल्या जबाबदारीवर.

ग्रीसच्या समुद्रात १९०१ साली सापडलेल्या अँटिकिथेरा यंत्राची गंमत याच्या उलट. डेरेक प्राइस या संशोधकाने त्यात डिफरन्शियल आहे असं मांडलं, सगळे आ वासून बघत राहिले. पुढे एक्स-रे घेऊन बारकाईने पाहिलं तर ती मांडणी टिकली नाही. दोन हजार वर्षं जुन्या यंत्रालाही ‘सुटे भाग नीट तपासा’ हा नियम लागू!

समान वाटणीचा घोळ

आता मुद्द्याचं. साध्या, म्हणजे ‘ओपन’ डिफच्या पोटात क्राऊन व्हील, त्याच्या आत छोटे स्टार पिनियन आणि त्यांच्या दोन बाजूंना दोन सन गिअर असतात. स्टार, सन... अख्खं तारांगण! प्रत्येक सन गिअरला एक अ‍ॅक्सल शाफ्ट, आणि त्याच्या टोकाला चाक.

या तारांगणाचा एकच कायदा आहे: दोन्ही चाकांना पिळाची ताकद, म्हणजे टॉर्क, सारखीच मिळणार. ऐकायला किती छान! पण एक चाक लोण्यासारख्या चिखलात असेल तर ते किती टॉर्क पेलणार? जेमतेम. मग दुसऱ्यालाही तेवढाच जेमतेम. दुसरं चाक काँक्रीटवर का असेना! लोक म्हणतात, ‘डिफ सगळी ताकद घसरणाऱ्या चाकाला देतं.’ चूक! ताकद दोघांनाही सारखीच मिळते, फिरण्याचा वेग मात्र सगळा घसरणाऱ्याच्या वाट्याला जातो.

आणि फोर बाय फोर असूनही गाडी का अडकते? कारण लॉक नसलेल्या फोर बाय फोरला पुढे एक आणि मागे एक असे दोन ओपन डिफ असतात. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक हवेत लटकलं की चार चाकांची ती मर्दानी गाडी जमिनीवरच्या दोन चाकांसकट हताश होऊन उभी राहते. दुसऱ्या महायुद्धातली ती जगप्रसिद्ध विलीज जीपसुद्धा अशीच, दोन्हीकडे ओपन. (मेहुण्याला हे तिथेच समजावून सांगायचा प्रयत्न केला. शर्टाकडे बघत तो फक्त ‘हं’ म्हणाला.)

आणि ऑस्कर गोज टू... डिफरन्शियल!

माहीत आहे का? एका डिफरन्शियलने चक्क कोर्टात केस जिंकून दिली आहे. १९९२चा हॉलिवूडपट ‘माय कझिन व्हिनी’. दोन निरपराध पोरांवर खुनाचा आळ. पुरावा काय, तर रस्त्यावरच्या टायरच्या खुणा. साक्षीला येते वकिलाची होणारी बायको, गॅरेजवाल्यांच्या घराण्यातली मोना लिसा व्हिटो. फोटो बघून ती ठणकावते की दोन्ही टायरच्या खुणा सारख्या आहेत, म्हणजे गाडीला ‘पॉझिट्रॅक्शन’ होतं, आणि पोरांच्या १९६४च्या ब्यूक स्कायलार्कला ते मिळतच नव्हतं! खरी गाडी १९६३ची पॉन्टिअ‍ॅक टेम्पेस्ट. पोरं सुटली आणि मारिसा टोमेईला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं.

हे पॉझिट्रॅक्शन म्हणजे जनरल मोटर्सचं ब्रँडनेम. खरा प्रकार ‘लिमिटेड स्लिप डिफरन्शियल’. त्याचं लघुरूप काय? एलएसडी! त्यामुळे एखादा जीपवाला “मागच्या महिन्यात एलएसडी घेतलं, आता चढावर उडतो” असं म्हणाला तर पोलिसांना फोन करू नका.

एलएसडीत क्लचच्या चकत्या असतात. त्या घसरणीला लगाम घालतात, पण पूर्ण जखडत नाहीत. ‘लॉकर’ मात्र दोन्ही चाकांची लग्नगाठच मारतो. हा फरक ध्यानात ठेवा, गॅरेजमध्ये भाव वाढतो.

या एलएसडीच्या सुरुवातीच्या धड्यांत फर्डिनांड पोर्शे यांच्या ग्रां प्री रेसकार होत्या आणि गिअर बनवणारी जर्मन कंपनी होती झेडएफ. या कंपनीचा जन्म १९१५चा, आणि तो कशासाठी? झेपेलिनचे, म्हणजे आकाशात तरंगणाऱ्या त्या अवाढव्य फुग्यांचे गिअर बनवायला! चिखलातल्या चाकाचं नातं असं थेट ढगांशी.

खर्च शून्य, अक्कल फुल

आता खिशाकडे वळू. ऑस्ट्रेलियाच्या एआरबी कंपनीचा ‘एअर लॉकर’ हा या जगातला महागडा नवरदेव. बटण दाबलं की कॉम्प्रेसरची हवा नळीतून डिफमध्ये जाते आणि डिफ लॉक. बटण सोडलं की पुन्हा सज्जन. किंमत हजार डॉलरच्या वर, कॉम्प्रेसर आणि बसवणावळ वेगळी. बाय द वे, एआरबी म्हणजे काय भारी तांत्रिक लघुरूप असेल असं वाटलं ना? संस्थापक अँथनी रोनाल्ड ब्राउन यांची आद्याक्षरं आहेत ती!

पण त्याआधी फुकटचे उपाय बघा ना राव. पहिला उपाय, टायरमधली हवा कमी करणे. तिशीच्या घरातलं प्रेशर अठरा-वीस पीएसआयवर आणलं की टायर पसरतं, जमिनीला जास्त जागेवर चिकटतं आणि बऱ्याचदा गाडी लॉकरशिवायच निघते. परत डांबरीवर आलात की हवा भरायला विसरायचं नाही, एवढीच अट. मला विचाराल तर लॉकरच्या किमती बघण्याआधी एक चांगला प्रेशर गेज आणि छोटा पंप घ्यावा.

दुसरा उपाय कट्ट्यावर हमखास ऐकायला मिळतो: “हँडब्रेक हलका ओढ, दुसऱ्या चाकाला ताकद जाते.” खरंच? हिशेब मांडू. घसरणारं चाक १० पेलतंय. हँडब्रेकने दोन्ही मागच्या चाकांवर २०-२०चा ब्रेक लावला. डिफ आता दोघांना ३०-३० देणार, टाळ्या! पण कोरड्या जमिनीवरच्या चाकाला मिळालेल्या तिसातले २० त्याचाच ब्रेक खाणार. जमिनीला उरले किती? १०. आवळा देऊन कोहळा काढायला गेलो आणि हातात परत आवळाच!

मग ही ट्रिक इतकी फेमस कशी? कारण काही गाड्यांत ती खरंच चालते. अमेरिकन लष्कराच्या हमवीमध्ये ‘टॉर्सन’ डिफ असतात. हे डिफ मिळालेल्या टॉर्कच्या कितीतरी पट दुसऱ्या चाकाला देऊ शकतं, पण शून्याची कितीही पट केली तरी शून्यच. म्हणून हमवीचे ड्रायव्हर ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबून त्या शून्याचं ‘काहीतरी’ करतात. साध्या ओपन डिफला ही जादू येत नाही. कट्ट्यावरच्या पैजेसाठी हा मुद्दा खास राखून ठेवा.

चालतं काय, तर फक्त घसरणाऱ्याच चाकाचा ब्रेक दाबणं. आणि माहीत आहे का, ही सोय आपल्याकडे गावोगाव उभी आहे! ट्रॅक्टरकडे बघा. उजव्या पायापाशी ब्रेकची दोन पॅडल, एक डाव्या चाकाचं, एक उजव्या चाकाचं. शेतात आखूड वळण घेताना एकच दाबायचं, रस्त्यावर जाताना दोन्ही एका खिटीने जोडायची. डावं चाक चिखलात घसरलं की डावं पॅडल दाबा, उजवं चाक कामाला लागतं. ब्रिटनमधल्या चिखल-स्पर्धांच्या गाड्यांना याचसाठी हाताचे दोन दांडे असतात. त्यांना ‘फिडल ब्रेक’ म्हणतात. फिडल म्हणजे व्हायोलिन! एक हात स्टिअरिंगवर, दुसरा व्हायोलिनवर, आणि तोंडावर चिखल.

आजकालच्या गाड्यांत हेच काम कॉम्प्युटर करतो. सेन्सरला कळतं की एक चाक उगाच भिरभिरतंय, तो त्याच चाकाचा ब्रेक चिमटीत धरतो. आपल्याकडची मारुती जिम्नी याच तंत्रावर चढ चढते, आत मेकॅनिकल लॉक-बिक काही नाही. थोडक्यात काय, ट्रॅक्टरचं पॅडल सॉफ्टवेअर होऊन आलं.

लिंकन लॉकर: गाठ ब्रह्मदेवालाही सुटेना

आता येतो स्वस्ताईचा सम्राट. अमेरिकेतल्या जीपवाल्यांना विचारा, “कुठला लॉकर?” डोळा मारून उत्तर येईल, “लिंकन!” दुकानात शोधाल तर मिळणार नाही. कारण लिंकन इलेक्ट्रिक ही १८९५ पासूनची वेल्डिंग मशीनवाली कंपनी! लिंकन लॉकर म्हणजे डिफ उघडायचं, आतले स्टार आणि सन गिअर एकमेकांना वेल्ड करून टाकायचे, झाकण लावायचं. झाला लॉक. अब्राहम लिंकन यांनी गुलामांना मोकळं केलं, या लिंकनने चाकांना बेड्या ठोकल्या.

खर्च? कांड्या, गिअर ऑइल आणि एक दुपार. पण कायमचा! बटण नाही, दांडा नाही, सुटका नाही. आठवतंय ना ते ब्रह्मगिरी फेरीचं ९.४ मीटर? आता ते अंतर टायर घासून भरून काढतं. पार्किंगमध्ये वळलात की टायर चिं-चिं करतात, टायरचं आयुष्य घटतं आणि अ‍ॅक्सल शाफ्टला पीळ बसतो तो वेगळाच. गिअरचं पोलाद कडक केलेलं असतं, त्यावर घाईत मारलेलं वेल्डिंग तडकतं. मग सुटलेला तुकडा तेलात पोहत फिरतो आणि क्राऊन-पिनियनचे दात मोजून पाडतो.

ट्रेलरवर चढवून ट्रॅकवर न्यायची, तिथेच खेळायची आणि परत ट्रेलरवरून आणायची गाडी असेल तर लिंकन ठीक. ड्रिफ्टिंगवाली मंडळी हौसेने करतात, त्यांना मागची दोन्ही चाकं एकदम घसरायलाच हवी असतात! पण रोज ऑफिसला आणि पावसात घाटाला जाणाऱ्या गाडीला? माझं सरळ मत: नको. ओल्या डांबरावर लॉक असलेला मागचा अ‍ॅक्सल कधी बाजूला सरकेल ते सांगून सरकत नाही.

डब्यातला लॉकर

मग मधला मार्ग? आहे ना! नाव ऐका: ‘लंचबॉक्स लॉकर’. जेवणाच्या सुट्टीत बसवून होईल इतका सोपा, अशी याची ख्याती. (पहिल्यांदा बसवणाऱ्याची ती सुट्टी संध्याकाळच्या चहापर्यंत लांबते, ही बातमी आतल्या गोटातली.) ‘ऑसी लॉकर’, ‘लॉक-राइट’, ‘स्पार्टन’ ही यातली बडी नावं. किंमत अमेरिकेत साधारण तीनशे डॉलरच्या आसपास.

युक्ती अशी की अख्खं डिफ बदलायचंच नाही. मूळ डबा तोच, फक्त आतले स्टार आणि सन गिअर काढायचे आणि त्यांच्या जागी दातेरी चकत्यांची जोडी बसवायची. क्राऊन आणि पिनियनची जुळवाजुळव, ते शिम लावणं, केसभर फटी मोजणं, सगळं जसंच्या तसं राहतं. खरा पैसा त्यातच जातो हो! म्हणून हा डबा स्वस्त.

आणि याची अक्कल बघा. सरळ जाताना किंवा चिखलात जोर लावताना इंजिनचा दाब या चकत्यांना एकमेकींत घट्ट रुतवतो. दोन्ही चाकं एक. वळताना बाहेरचं चाक पुढे पळू लागलं की त्याच्या बाजूचे दात टक-टक-टक करत एकमेकांवरून सुटतात आणि चाक मोकळं होतं. नियम एका ओळीत: कुठलंही चाक पुढे पळू शकतं, मागे मात्र कुणीच राहू शकत नाही. म्हणजे वळणावर गाडी ढकलतं कोण? आतलं चाक, एकटंच! ओपन डिफवर वाढलेल्या ड्रायव्हरला हे पहिले आठ दिवस विचित्र लागतं.

आणि तो टक-टक आवाज! नवीन मालक घाबरून गॅरेज गाठतो, जुना मालक रेडिओ मोठा करतो. सोसायटीच्या गेटवर रात्री वळताना वॉचमन टॉर्च मारून बघणारच. बँकेतल्या लॉकरला किल्ली असते, हा लॉकर बिनकिल्लीचा. आपला आपण उघडतो, आपला आपण बंद होतो, आणि आत दागिने नसून तेल.

एक टीप हळूच: आधी मागचाच लॉक करा. चढावर गाडीचं वजन मागे सरकतं, मागची चाकं जमिनीत रुततात, कामाची ताकद तिथेच लागते. पुढचा अ‍ॅक्सल लॉक केला की स्टिअरिंग हट्टी म्हशीसारखं वागायला लागतं.

भंगारातला खजिना

जुन्या बाजारात फिरायची हौस आहे? मग हे तुमच्यासाठी. अमेरिकेतले काटकसरी ऑफ-रोडर भंगारात निघालेल्या जीएमच्या पिकअपचा डॅशबोर्डचा कप्पा आधी उघडतात. हरवलेले पैसे शोधायला नाही! आतल्या स्टिकरवर बारीक कोडची रांग असते. त्यात ‘जी-८०’ दिसला की मालक खूश. म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमध्ये कंपनीतूनच लॉकिंग किंवा लिमिटेड स्लिप डिफ आलंय. जीपवाल्यांचा दुसरा लाडका शिकार-प्रकार म्हणजे १९९५ ते २००१ मधल्या फोर्ड एक्सप्लोररचा मागचा अख्खा अ‍ॅक्सल. जाडजूड शाफ्ट, डिस्क ब्रेक आणि नशीब असेल तर एलएसडी. एकाच भावात तीन भाज्या आणि कोथिंबीर फ्री.

आता कान टवकारा. त्या पिकअपमधला मेकॅनिकल लॉकर बनवणारी कंपनी ईटन. आणि माहीत आहे का, त्याच कुळातलं ईटनचं लॉकिंग डिफ २०१५ पासून आपल्या महिंद्रा थारच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्येही आलं! नाशिकला बनणाऱ्या गाडीचा असा अमेरिकी मावसभाऊ. नव्या थारच्या काही व्हेरिएंटमध्येही ते मिळालं. बटण शोधू नका, बटणच नाही. दोन मागच्या चाकांच्या फिरण्यात मिनिटाला शंभरेक फेऱ्यांचा फरक पडला की आतली छोटी वजनं गोफणीसारखी बाहेर फेकली जातात, एक खिटी अडकते, चकत्या दाबल्या जातात आणि खाट्! लॉक. ताशी तीसेक किलोमीटरच्या वर ते लॉक होतच नाही, हायवेवर दगा नको म्हणून.

फक्त एक करायचं. चाक फिरायला लागलं की घाबरून पाय काढायचा नाही, अ‍ॅक्सिलरेटर थोडा धरून ठेवायचा. बहुतेक नवशिके नेमके तेव्हाच पाय काढतात आणि मग “लॉक चालतच नाही” म्हणून कंपनीला शिव्या घालतात.

पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा आणखी हट्टी. पुढे आणि मागे, दोन्हीकडे डिफ लॉक, आणि तेही कंपनीतूनच! बाहेरून दोन लॉकर आणून बसवायचा खर्च मांडून बघा, मग गुरखावाले पार्टीत इतके शांत का असतात ते कळेल.

बाहेरून काही बसवणार असाल तर एक शुष्क पण गरजेची ओळ: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार चालत नाहीत. वॉरंटीचं तर नावच नको. आधी विचारा, मग उघडा.

हे सगळं लाइव्ह बघायची इच्छा झाली? मलेशियात १९९७ साली सुरू झालेली ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ २०१४ साली भारतात आली ती थेट गोव्यात, तीही भर पावसाळ्यात. लोक गोव्याला बीचवर लोळायला जातात, ही मंडळी लाल चिखलात लोळायला गेली.

डिफ? ते काय असतं?

आता रॅपिड फायर. मुंबई लोकलला डिफरन्शियल असतं का? नाही! दोन्ही चाकं एका अ‍ॅक्सलला घट्ट जखडलेली, म्हणजे पक्का ‘लिंकन लॉकर’. मग वळणावर? चाकं किंचित शंकूच्या आकाराची असतात. वळणावर गाडी जराशी बाहेर सरकते, बाहेरचं चाक जाड भागावर चालतं, आतलं बारीक भागावर. हिशेब चोख, गिअर एकही नाही. विरारच्या गर्दीत लटकताना यावर जरूर चिंतन करा.

गो-कार्टला? नाही. म्हणून वळणावर तिचं आतलं मागचं चाक उचलल्यासारखं हलकं होतं, तेव्हाच ती नीट वळते.

ऑटोरिक्षाला? आहे! तीन चाकांची असली म्हणून काय, मागची दोन तर आहेतच. नाहीतर रिक्षा ज्या पद्धतीने वळतात, त्यात टायर दोन दिवस टिकले नसते.

नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने १९५८ साली एक छोटी कार आणली. मागच्या प्रत्येक चाकाला वेगळा रबरी पट्टा, त्यामुळे वेगळ्या डिफचं कामच उरलं नाही. बोनस म्हणजे ही गाडी जितकी जोरात पुढे, तितकीच जोरात मागे! मग डच लोकांनी काय केलं असेल? बरोबर. रिव्हर्स गिअरच्या रेस लावल्या.

१९७१ साली चंद्रावर फिरलेल्या रोव्हरला डिफ नव्हतं, प्रत्येक चाकात स्वतःची मोटर. उलट मंगळावरच्या क्युरिऑसिटीला डिफरन्शियल आहे, पण चाकं फिरवायला नाही! डाव्या-उजव्या बाजूचे पाय दगडधोंड्यांवर वरखाली होत असताना मधलं धड शक्य तितकं सपाट राहावं म्हणून.

आणि १९७९ पासून लॉकरसाठी मिरवणारी मर्सिडीजची जी-क्लास? डॅशबोर्डवर तीन लॉकची तीन बटणं हा तिचा दागिना. २०२४ साली तिची इलेक्ट्रिक बहीण आली, चार चाकांना चार मोटर. लॉक करायला डिफच शिल्लक नाही! सगळं कॉम्प्युटरवर. वर ही बाई जागच्या जागी स्वतःभोवती गिरकीही घेते. किंमत? जाऊ द्या, आपण स्वस्ताईवर बोलत होतो.

बरं, त्या चिखलाचं काय झालं?

हां, ती गोष्ट राहिलीच. तासभर चाक फिरवून, फळी टाकून, हवा काढून झाली. (हवा आधी काढायची असते. माहीत असणं वेगळं आणि सुचणं वेगळं.) शेवटी शेजारच्या शेतातले काका ट्रॅक्टर घेऊन आले. दोर बांधला. ट्रॅक्टरचंही एक चाक त्याच चिखलात भिरभिरलं. काकांनी खाली न बघता उजवी टाच सीटखालच्या एका गंजक्या पॅडलवर दाबली. खट्ट! दोन्ही मोठी चाकं एका तालात फिरली आणि आमची हप्त्यांवरची फोर बाय फोर मुकाट बांधावर आली.

मेहुणा भारावून पुढे गेला. “काका, हा डिफ लॉक कितीला बसवला?”

काकांनी पॅडलकडे पाहिलं, मग मेहुण्याच्या शर्टाकडे.

“ह्ये व्हय? ह्ये तर टॅक्टरसंगंच आलंया.”